जिन्यातला दिवा : भाडेकरूचा छळ, घरभाड्याचा कायदा आणि एक भयपट

बडोद्यात वाढलेली चार तरुण मुलं सध्या एक लघुपट करत आहेत. लांबी चाळीसेक मिनिटं. विषय असा : जुन्या वाड्यात दोन खोल्यांत एकटी राहणारी भाडेकरू बाई, तिने जागा सोडावी म्हणून टपलेला मालक, आणि हळूहळू स्वतःच्याच डोक्यावरचा तिचा उडत चाललेला विश्वास. याला ती 'सायकॉलॉजिकल थ्रिलर' म्हणतात. काळ त्यांनी १९७५ च्या सुमाराचा धरला आहे. त्या वेळी हे सगळं कसं चालायचं, हे विचारायला ती आमच्या अभ्यास मंडळात आली आणि मंडळींनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याला कारणं दोन. माझी चाळीस वर्षं वकिलाच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेली आणि तिथे घरभाड्याची प्रकरणं ढिगाने असत. शिवाय आमचं कुटुंब स्वतःच वाड्यातलं भाडेकरू. त्या मुलांना जी उत्तरं दिली, ती जरा नीट मांडून इथे देत आहे.

त्यांच्या पहिल्या कथेत गुंड होते, सुरा होता आणि शेवटी विहिरीत एक प्रेत होतं. मी त्यांना म्हटलं, "अरे, चाळीस वर्षांत असा एकही कागद माझ्या हातून टाईप झाला नाही." जे झालं ते फार लहान लहान होतं, इतकं लहान की तक्रार करायची तर लाज वाटावी. ते तसं का होतं, हे कळायला आधी वाडा पाहावा लागतो आणि मग कायदा.

वाड्यात भाडेकरू आला कसा

गायकवाडांच्या मागोमाग बडोद्यात आलेल्या दक्षिणी मंडळींनी रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांत वाडे बांधले. मध्ये चौक, भोवती ओसरी, वर माडी, पुढे दिंडी दरवाजा. ही घरं एका मोठ्या कुटुंबासाठी बांधलेली होती. वेगवेगळ्या बिऱ्हाडांचा विचार त्यांत नव्हताच. नळ एक, मोरी एक, संडास मागच्या अंगाला, जिना सगळ्यांचा एकच.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. दरबारची नोकरी, नेमणुका, इनामं यांच्यावर चाललेल्या घरांची मिळकत पुढच्या काही वर्षांत आटली. त्याच १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी चालू झाली, मग इतर कारखाने आले. म्हणजे एकीकडे वाडेवाल्यांना पैशाची गरज आणि दुसरीकडे प्राध्यापक, कारकून, फिटर यांना खोल्यांची गरज. माजघर एकाला गेलं, ओसरीला फळ्या मारून ती दुसऱ्याला दिली.

यातली एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगितली. मुंबईच्या चाळीचा मालक पुष्कळदा दुसरीकडे राहायचा आणि भाडं गोळा करायला भय्याला किंवा मेहताजीला पाठवायचा. आमच्याकडे मालक माडीवर आणि भाडेकरू खाली. दोघं एकाच भाषेचे, बऱ्याचदा एकाच जातीचे, कधी लांबचे नातेवाईकही. संक्रांतीला तिळगूळ द्यायचा, चैत्रात हळदीकुंकवाला जायचं आणि दुसऱ्या दिवशी कोर्टाची नोटीस घ्यायची. तुमच्या भयपटाला जी बंद जागा लागते ना, ती इथे तयारच होती.

कायद्याने काय दिलं

मुंबई इलाख्यात घरभाड्यावर नियंत्रण आणणारा पहिला कायदा १९१८ चा. महायुद्धामुळे मुंबईत गर्दी झाली होती आणि भाडी भडकली होती. पुढे १९३९ आणि १९४४ मध्ये असेच कायदे झाले. या सगळ्यांच्या जागी १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला, तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. विलीनीकरणानंतर तोच बडोद्याला आला आणि १९६० मध्ये गुजरात वेगळा झाल्यावरही चालू राहिला. त्यामुळे गिरगावातला वकील आणि रावपुऱ्यातला वकील कितीतरी वर्षं त्याच कलमांवर भांडत होते.

या कायद्याचे खांब दोन. पहिला म्हणजे प्रमाण भाडं. मूळ कायद्याने सप्टेंबर १९४० च्या पहिल्या तारखेचं भाडं पाया म्हणून धरलं आणि त्यापलीकडे वाढ करायला फार थोडी जागा ठेवली. दुसरा खांब म्हणजे बेदखलीपासून संरक्षण. भाडेकरू ठरलेलं भाडं देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तर कायद्यात मोजून दिलेल्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही. भाडं थकवणं, पोटभाडेकरू ठेवणं, विनापरवानगी पक्कं बांधकाम करणं, शेजाऱ्यांना उपद्रव देणं, मालकाची स्वतःची खरी गरज, अशी ती कारणं.

आता मालकाच्या जागी बसून पाहा. भाडं गोठलेलं आहे. जागा मोकळी झाली तर तिची किंमत अनेक पटींनी वाढते, मागच्या दाराने पागडीही घेता येते (ती घेणं गुन्हा होता, तरी घेतली जायची). भाडेकरूला काढायचं तर कोर्टात वर्षानुवर्षं जातात. पण तो आपण होऊन गेला तर? मग कलम नको, कोर्ट नको. छळाची जागा नेमकी इथे आहे. कायद्याने पुढचं दार बंद केलं, तेव्हा भाडेकरूने 'स्वखुशीने' जावं अशी तजवीज करणं हा एकच जवळचा रस्ता उरला.

असंच लंडनमध्येही झालं. तिथे १९५७ च्या कायद्याने जुना भाडेकरू गेल्यावर नव्या भाड्यावरचं बंधन काढून टाकलं. त्याबरोबर जुन्या भाडेकरूंना हुसकण्याला भाव आला. नॉटिंग हिल भागातला पीटर रॅकमन हा घरमालक यासाठी इतका बदनाम झाला की त्याच्या नावावरून इंग्रजीत 'रॅकमनिझम' असा शब्दच पडला. १९६५ मध्ये तिथल्या कायद्याने भाडेकरूचा छळ हा गुन्हा ठरवला. शहरं दोन, कायदे उलट दिशेचे, पण मूळ एकच : भरलेल्या घरापेक्षा रिकाम्या घराला जास्त किंमत.

छळाची हत्यारं

आमच्या कायद्याचं २४ वं कलम मी मुलांना वाचून दाखवलं. मालकाने आवश्यक पुरवठा किंवा सेवा तोडू नये, असं ते सांगतं. आवश्यक म्हणजे काय, तर पाणी, वीज, सफाई, लिफ्ट आणि बोळातले व जिन्यातले दिवे. इथे त्यांच्यातली दिग्दर्शिका थांबली. म्हणाली, "काका, कायद्यात जिन्यातला दिवा लिहिलाय?" हो, लिहिलाय. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून लिहिलाय. इतिहास वाचणाऱ्याने कायद्यातल्या अशा याद्या नीट पाहाव्यात. लोक एकमेकांशी काय करत होते, ते त्यांत सापडतं.

त्यांच्यासाठी मी एक यादी केली.

पाणी. नळाची मुख्य चावी मालकाच्या अंगणात. पाणी सकाळी तासभर. त्यातली वीस मिनिटं चावी बंद. विचारलं तर, "आज नगरपालिकेचंच कमी आलं."

दिवा. वाड्याचं मीटर एकच, मालकाच्या नावावर. जिन्यातला बल्ब गेला की आठ-आठ दिवस नवा लागत नसे. त्याच जिन्याने म्हातारं माणूस रात्री मागच्या संडासाला जायचं.

पावती. मालकाने भाड्याची लेखी पावती दिलीच पाहिजे, असं २६ वं कलम सांगतं. पण मालक भाडंच घेत नसे. "राहू द्या हो, पुढच्या महिन्यात एकदम द्या." सहा महिने असे गेले की थकबाकीची नोटीस. जाणता भाडेकरू यावर मनिऑर्डर करायचा. पोस्टमन 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आणायचा आणि तो फॉर्म भाडेकरू जिवापाड जपायचा.

दुरुस्ती. गळतंय म्हणून तक्रार केली की गवंडी येई, कौलं उतरवी आणि निघून जाई. पावसाळा डोक्यावर.

आवाज. रात्री अकराला माडीवर खलबत्ता. विचारलं तर, "औषध कुटत होते."

कुलूप. हे सगळ्यांत विलक्षण. योग्य कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरली नाही, तर भाडेकरूचा हक्क जाऊ शकतो असं १३ व्या कलमात होतं. हेतू ठीकच होता : जागा अडवून ठेवू नये. पण त्यातून काय झालं, ते मी आमच्या घरातलं सांगतो.

माझी आत्या बाबाजीपुऱ्यातल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायची. विधवा, शिवणाचे वर्ग घ्यायची. कुणीतरी तिला सांगितलं होतं की खोलीला कुलूप दिसलं तर जागा जाते. किती दिवसांचं कुलूप, हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांनी तिला कलम समजावलं, सहा महिने म्हणून सांगितलं, सलग म्हणून सांगितलं. ती मान डोलवायची आणि संध्याकाळच्या आत घरी परतायची. दिंडी दरवाजाच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघा असत. मालकीणबाई म्हणायच्या, दुधाच्या रतिबाचा हिशोब. आत्याची खात्री होती की आपण बाहेर काढलेल्या रात्री मोजल्या जात आहेत. तिची धाकटी बहीण इंदूरला आजारी पडली, तेव्हा आत्या गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. चौदाव्या दिवशी तार आली. कायदा सहा महिने देत होता, तिच्या भीतीने तिला दोन रात्री दिल्या. यात मालकाने काय केलं? कोर्टात सिद्ध होईल असं काहीही नाही.

मुलांना मी म्हटलं, तुमचा चित्रपट इथे आहे. वरच्या यादीतली एकेक गोष्ट कोर्टात सांगून पाहा. "पाणी बंद केलं." रोज? "रोज नाही." तुम्ही चावी फिरवताना पाहिलं? "नाही." मग कशावरून? अशा उलटतपासण्या मी कितीदा ऐकल्या आहेत. पिंजऱ्यातून उतरताना माणूस स्वतःलाच विचारायला लागतो, की खरंच, कशावरून?

पडद्यावर आधी काय झालंय

हा धागा सिनेमाला नवा नाही. पॅट्रिक हॅमिल्टन याचं 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ चं. त्यावर इंग्लंडमध्ये १९४० साली आणि हॉलिवुडमध्ये १९४४ साली चित्रपट झाले. दुसऱ्यासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. त्यात छळणारा नवरा आहे, मालक नव्हे. तो चोरून वरच्या मजल्यावर जातो, तिथे गॅसची बत्ती लावतो आणि खाली बायकोच्या खोलीतली ज्योत मंद होते. ती सांगते आणि तो म्हणतो, तुला भास होतोय. आज सर्रास वापरला जाणारा 'गॅसलायटिंग' हा शब्द तिथूनच आला. वर पावलं, खाली मंदावणारा दिवा : वाड्यात राहिलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

रोमन पोलान्स्कीचा 'द टेनंट' १९७६ चा, रोलाँ तोपोर यांच्या १९६४ च्या कादंबरीवरचा. पॅरिसमधल्या जुन्या इमारतीत एक परका तरुण खोली घेतो. आधीच्या भाडेकरू बाईने त्याच खोलीच्या खिडकीतून उडी घेतलेली असते. जरा आवाज झाला की मालक आणि शेजारी त्याला टोकतात आणि तो हळूहळू त्याच बाईसारखा होत जातो.

आपल्याकडे सईद अख्तर मिर्झा यांनी १९८४ मध्ये 'मोहन जोशी हाजिर हो' केला. हा भयपट नव्हे, कोर्टाचा उपहास आहे. मोडकळीला आलेल्या चाळीत राहणारं म्हातारं जोडपं दुरुस्तीसाठी मालकावर दावा लावतं. मोहन जोशी झाले आहेत 'तमस'कार भीष्म साहनी, त्यांची बायको दीना पाठक. नसीरुद्दीन शाह, रोहिणी हट्टंगडी, मोहन गोखले हेही त्यात आहेत आणि मालक आहे अमजद खान. शेवटी न्यायाधीश इमारत पाहायला येतात. तोवर मालकाने टेकू लावून सगळं ठाकठीक केलेलं असतं. म्हातारा संतापून तो टेकूच हलवतो आणि इमारत त्याच्या अंगावर येते. त्या शेवटाचं मोल आमच्या कचेरीतल्या प्रत्येकाला कळलं असतं. पाहणीच्या दिवशी नळाला पाणी असायचंच.

मालकाची बाजू

एवढं सांगून मी थांबलो असतो तर अर्धंच सांगितलं असतं. मुलांच्या कथेतला मालक मिशा पिळणारा होता. मी त्यांना एका मालकीणबाईंची गोष्ट सांगितली, जिचे कागद मीच टाईप केले होते. तीन मुलगे, दोन सुना आणि त्या स्वतः माडीवरच्या दोन खोल्यांत. खाली चार खोल्या भाडेकरूकडे, भाडं महिना अठरा रुपये. कौलं चाळायची तर वर्षभराचं भाडं पुरायचं नाही. भाडेकरूने अलकापुरीकडे स्वतःचं घर बांधलं, तरी वाड्याच्या खोल्या सोडल्या नाहीत. भाडेकरूने दुसरं राहण्याजोगं घर मिळवलं असेल तर ते कायद्यात ताबा मागायचं कारण होतं. बाई अखेर जिंकल्या, पण तोवर एक मुलगा वेगळं बिऱ्हाड करून सुरतेला गेला होता.

गोठलेल्या भाड्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला. डिसेंबर १९९७ च्या निकालात न्यायालयाने महाराष्ट्रापुरतं असं म्हटलं, की प्रमाण भाड्याची तरतूद सुरुवातीला वाजवी होती, पण काळ लोटला तशी ती अवाजवी झाली. त्यानंतर महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा केला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

म्हणून मी म्हणतो, की आमचे वाडे पडले त्याला एकटा मालक कारण नाही आणि एकटा भाडेकरूही नाही. दुरुस्ती करणाऱ्याला मिळकत नव्हती आणि राहणाऱ्याला अधिकार नव्हता. पण वाडा कुणामुळे पडला आणि जिन्यातला दिवा कुणी काढला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर कायद्यात शोधता येतं, दुसऱ्याचं नाही. अठरा रुपयांत भागत नसतानाही म्हाताऱ्या माणसाच्या वाटेतला दिवा चालू ठेवणारे मालक आमच्या गल्लीत होते, हे मी पाहिलं आहे.

शेवट कसा करावा

मुलांनी खून काढून टाकला. गुंडही गेले. दिवा राहिला, नळ राहिला, खडूच्या रेघा त्यांनी मागून घेतल्या. एका मुद्द्यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही.

त्यांना शेवट अधांतरी ठेवायचा आहे : मालक खरंच छळत होता की सगळं बाईच्या मनात होतं, ते प्रेक्षकाला कळूच नये. दिग्दर्शिका म्हणते, "काका, प्रेक्षकालाही तिच्यासारखंच वाटलं पाहिजे." कला म्हणून तिचं बरोबर असेल. पण मी वेगळ्या ठिकाणाहून आलो आहे. 'कशावरून?' हा प्रश्न या छळाचं मुख्य हत्यार होता. बाईला शंका वाटू दे, त्याशिवाय गोष्टच नाही. प्रेक्षकालाही शंकेत सोडलं, तर मालकाच्या वकिलाने जो निकाल मागितला असता तोच आपण देऊन बसलो. भास झाला असेल बिचारीला, म्हणत लोक उठतील.

माझी सूचना अशी : बाईच्या ट्रंकेत एक डबा दाखवा. त्यात परत आलेल्या मनिऑर्डरींचे फॉर्म, एकावर एक, दर महिन्याचा एक, प्रत्येकावर टपाल खात्याचा शिक्का आणि 'घेण्यास नकार'. त्याच महिन्यांसाठी मालकाने पाठवलेली थकबाकीची नोटीसही दाखवा. बाईला काहीही वाटो, शिक्क्यावरची तारीख बदलत नाही. आत्या गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत असा डबा निघाला होता. सदतीस फॉर्म होते, तारखेप्रमाणे लावून, वर दोरा बांधलेला. ज्या बाईला आम्ही सगळे घाबरट म्हणायचो, तिने तीन वर्षं एक महिना न चुकता स्वतःचा पुरावा स्वतः तयार केला होता.

त्या फॉर्मांचे फोटो मी मुलांना दिले आहेत. ते वापरायचे की नाही, हे त्यांनी ठरवावं.

वाचकांना मात्र एक विनंती आहे. रावपुरा, दांडिया बाजारचे वाडे आता एकेक करून बिल्डरकडे जात आहेत. आजचा भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर राहतो (वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा), आणि त्याची भांडणं डिपॉझिटची आणि 'तुम्ही जेवणात काय खाता'ची आहेत. जुन्या भांडणांचे कागद घर रिकामं करताना रद्दीत जातात. वाड्याचे फोटो सगळे काढतात, दरवाजाच्या कोरीवकामाचे तर हमखास. तुमच्या घरी भाड्याच्या पावत्या, मनिऑर्डरीचे फॉर्म, नोटिसा, कोर्टाच्या तारखांच्या वह्या असतील, मालकाच्या असोत वा भाडेकरूच्या, तर टाकू नका. नावं झाकून त्यांची छायाचित्रं मंडळाकडे ठेवता येतील. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा : नळाची चावी कुणाकडे होती, जिन्यात दिवा होता का, आणि घराला कुलूप लावून तुम्ही जास्तीत जास्त किती दिवस बाहेर राहिलात.